कॅल्शियम ११.३, पीटीएच ६२

मला मुतखडा झाला याचं आमच्याकडे कुणालाच नवल वाटलं नाही. सांगलीत आमच्या गल्लीत एक घर सोडून एक खडेवाले आहेत. शिवाय माझं माहेर जतकडचं. "लहानपणापासून बोअरचं जड पाणी प्यायलीय, दुसरं काय होणार," असा निकाल सासूबाईंनी लावला आणि कुंडीतली पानफुटीची पानं रोज सकाळी अनशापोटी चावायला दिली. कुळथाचं कढण सुरू झालं. पालक, टोमॅटो, वांगी बंद. दूधही बंद, कारण खडा कॅल्शियमचा असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी दुर्बिणीतून खडा फोडून काढला, आत डीजे स्टेंट, म्हणजे लघवी वाहती ठेवणारी बारीक नळी, ठेवला, तो काढेपर्यंत उठता-बसता जीव नकोसा झाला, आणि प्रकरण मिटलं असं आम्ही धरून चाललो.

पुढच्या दोन-अडीच वर्षांत बारीकसारीक तक्रारींची रांग लागली. जिना चढताना मांड्यांत जोर नसायचा. बद्धकोष्ठ झाला. तहान इतकी की रात्री उशाशी तांब्या, आणि मग लघवीला उठणं. मी पतसंस्थेत अकाउंट्स बघते. आकडे माझ्या तोंडावर असायचे, ते आता कागदावर बघूनही दोनदा तपासावे लागायचे. बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून साधी पडले तर डावं मनगट मोडलं. प्रत्येक तक्रारीला तिचा-तिचा डॉक्टर होता. हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि 'पन्नाशीनंतर बायकांची हाडं ठिसूळ होतातच' म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. पोटाच्या डॉक्टरांनी चूर्ण दिलं. चिडचिडीचं आणि विसराळूपणाचं तर कारण जगजाहीर होतं: पाळी गेली. त्या एका वाक्याखाली बाईचं काय काय झाकलं जातं याची यादी करायला घेतली तर वही पुरणार नाही.

मग पुन्हा पाठीतून कळ आली आणि सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांत खडे दिसले. या वेळी मिरजेतल्या वेगळ्या यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी फिल्म बघितली, वय विचारलं, मनगटाचा फ्रॅक्चर ऐकला आणि म्हणाले, "खडा काढायचं नंतर बघू. आधी कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच करून या." पीटीएच म्हणजे गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा हार्मोन, हे मला नंतर कळलं.

रिपोर्ट आला. कॅल्शियम ११.३, समोर ठळक अक्षरात 'हाय'. लॅबची मर्यादा ८.५ ते १०.५. फॉस्फरस २.४, जरासं कमी. पीटीएच ६२, मर्यादा १५ ते ६५, समोर काहीच खूण नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कागदावरून नजर फिरवली. "ग्रंथीचा हार्मोन नॉर्मल आहे, काळजीचं कारण नाही. कॅल्शियमच्या गोळ्या बंद करा, उतरेल." आम्ही दोघं हायसं वाटून बाहेर पडलो. हे तर म्हणालेसुद्धा, "चला, स्वस्तात सुटलो."

यूरॉलॉजिस्टना मात्र ते पटलं नाही. त्यांनी पुण्याच्या एका एंडोक्रायनॉलॉजिस्टचं, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांचं, नाव लिहून दिलं. या मॅडम वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी तोच कागद समोर ठेवला, ६२ वर पेन टेकवलं आणि म्हणाल्या, "तुमचा आजार हा आकडा आहे."

यांनी लगेच विचारलं, "पण मॅडम, तो तर नॉर्मलमध्ये आहे ना?"

"काका, तुमच्या गच्चीवरच्या टाकीला फ्लोट आहे ना? टाकी भरली की मोटर बंद व्हायला हवी. टाकी भरून जिन्यावर पाणी वाहतंय आणि मोटर रोजच्यासारखीच चालू आहे, तर 'मोटर नॉर्मल चालतेय' असं म्हणाल का?"

मग त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून समजावलं. थायरॉइड सगळ्यांना माहीत असते. तिच्या मागच्या बाजूला, दोन डावीकडे दोन उजवीकडे, अशा साधारणपणे चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, प्रत्येक तांदळाच्या दाण्याएवढी. थायरॉइडशी त्यांचा शेजारापलीकडे संबंध नाही. त्यांचं काम एकच: रक्तातलं कॅल्शियम एका अरुंद पट्ट्यात ठेवणं. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं, पण उरलेल्या एका टक्क्यावर स्नायूंचं आकुंचन, नसांचे संदेश, रक्त गोठणं, हृदयाचे ठोके असं सगळं अवलंबून असतं. म्हणून या ग्रंथींच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारी यंत्रणा आहे. रक्तातलं कॅल्शियम थोडं घसरलं की काही सेकंदांत पीटीएच सुटतो. तो हाडांतून कॅल्शियम मोकळं करतो, किडनीला 'कॅल्शियम लघवीतून जाऊ देऊ नको, फॉस्फरस जाऊ दे' असं सांगतो, आणि किडनीतच ड जीवनसत्त्वाला त्याचं कामाचं रूप देतो, ज्यामुळे आतडी अन्नातलं कॅल्शियम जास्त ओढून घेतात. कॅल्शियम पुरेसं झालं की पीटीएच आपोआप दबतो. माझं कॅल्शियम ११.३ असताना निरोगी ग्रंथींनी जवळजवळ गप्प बसायला हवं होतं. पीटीएच वीसच्या खाली हवा होता. तो ६२ होता, म्हणजे चारपैकी एखादी ग्रंथी कुणाचं ऐकत नव्हती.

नाव सांगितलं: प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझम. दहापैकी आठ-साडेआठ रुग्णांत चारपैकी एकाच ग्रंथीत साधी, कॅन्सर नसलेली गाठ असते, आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये हा आजार सगळ्यात जास्त सापडतो. माझ्या सगळ्या तक्रारी त्या एका चित्रात बसत होत्या. हाडांतून कॅल्शियम निघालं, म्हणून मनगट मोडलं. रक्तातून ते किडनीत इतकं उतरलं की परत शोषून घेणं तिच्या आवाक्याबाहेर गेलं, म्हणून खडे. जास्तीच्या कॅल्शियममुळे किडनी पाणी धरून ठेवू शकत नव्हती, म्हणून तहान आणि रात्रीची उठबस. आतडी सुस्त, स्नायू सुस्त, डोकं सुस्त.

गोळ्यांमुळे कॅल्शियम वाढलं असतं, तर ग्रंथींनी पीटीएच खाली नेला असता. ती शंका अशी मिटली. पण निदान पक्कं करायला अजून काही गोष्टी बघायच्या होत्या. माझं ड जीवनसत्त्व १४ निघालं. आपल्याकडे ते निम्म्याशिम्म्या लोकांत कमीच असतं, आणि ते कमी असलं की पीटीएच तसाही वाढतो. उलट या आजारात त्या कमतरतेमुळे कॅल्शियम खरं आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतं. म्हणून आधी रोज थोड्या मात्रेत ड भरून काढायचं ठरलं. एकदम साठ हजार युनिटच्या पुड्या घेऊ नका, असं त्यांनी बजावलं. भरपूर पाणी पिऊन हिंडत-फिरत राहायचं, आणि जेवणातलं दूध-ताक बंद करायचं नाही. हे ऐकून मी चकित झाले. अन्नातलं कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला बांधून ठेवतं, त्यामुळे दूध तोडलं की उलट खड्याचा धोका वाढू शकतो. दोन-अडीच वर्षं मी चहासुद्धा काळा पीत होते.

ड वर आलं तेव्हा पुन्हा रक्त दिलं. त्या वेळी एक बारकावा कळला. लॅबमधल्या मुलाने दंडाला रबरी पट्टा आवळला आणि शीर सापडेना म्हणून तसाच ठेवून शोधत बसला. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की पट्टा फार वेळ आवळून ठेवला तर कॅल्शियम खोटं जास्त दिसू शकतं. मी त्याला पट्टा सोडून पुन्हा बांधायला लावला. तो थोडा फुरंगटला. अल्ब्युमिनही सोबत तपासलं, कारण रक्तातलं साधारण चाळीस टक्के कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेलं असतं. कॅल्शियम ११.५, पीटीएच ५८. आता संशयाला जागा नव्हती, एक सोडून.

ती एक जागा म्हणजे चोवीस तासांची लघवी. काही घराण्यांत जन्मजातच कॅल्शियम ओळखणारी यंत्रणा वेगळ्या आकड्यावर बसवलेली असते. रक्तात कॅल्शियम जास्त, पीटीएच 'नॉर्मल', म्हणजे कागदावर हुबेहूब माझ्यासारखं, पण लघवीत कॅल्शियम फार कमी. त्या माणसाला काही करायची गरज नसते आणि ऑपरेशन केलं तरी फायदा होत नाही. ते वगळण्यासाठी लॅबने पाच लिटरचा पांढरा कॅन दिला, तळाशी ॲसिड घातलेलं, वर 'हात लावू नये' अशी चिकटपट्टी. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, तिथून घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळची पहिली कॅनमध्ये घेऊन थांबायचं. मधली एक जरी चुकली तरी सगळं वाया. मी रविवार निवडला. नेमकी त्याच दिवशी वन्सं भिशीचे पैसे द्यायला आल्या, बाथरूममध्ये कॅन बघून फिनाईल समजल्या आणि "जरा दे गं, आमचं संपलंय" म्हणाल्या. त्यांना काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. आकडा आला ३४२ मिलिग्रॅम. बायकांमध्ये २५० च्या वर गेला की जास्त धरतात. घराण्याचा प्रश्न मिटला.

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये कणा आणि खुबा फार वाईट नव्हते, पण हाताच्या पुढच्या भागातलं हाड उणे २.९ वर. नेहमीच्या ऑस्टिओपोरोसिसमध्ये कणा आधी जातो; पीटीएच हाडाचं बाहेरचं घट्ट कवच जास्त खातो आणि ते कवच मनगटाच्या वरच्या हाडात सगळ्यात ठळक असतं. पन्नाशीची बाई म्हणून डेक्सा करणारे सेंटर कण्याचं आणि खुब्याचं मोजून मोकळे होतात. हाताचं मोजा म्हणून चिठ्ठीवर वेगळं लिहून न्यावं लागलं.

औषधाने भागणार नाही का, हे विचारलंच. सिनाकॅल्सेट नावाची गोळी कॅल्शियम खाली आणते, पण गाठ जागेवरच राहते, हाडांना फारसा उपयोग होत नाही आणि गोळी चालू ठेवावी लागते. ज्यांना काही त्रास नाही, वय जास्त आहे, आकडे किंचित वर आहेत, त्यांच्यावर नुसती नजर ठेवली तरी चालतं. खडे आणि मोडलेलं हाड असताना मात्र ऑपरेशन हाच सल्ला.

ऑपरेशनआधी गाठ कुठे आहे ते शोधायचं. सोनोग्राफीत थायरॉइडच्या डाव्या बाजूला खालच्या टोकाशी १.३ सेंटिमीटरचा काळसर ठिपका दिसला. दुसरी तपासणी सेस्टामिबी स्कॅन. शिरेतून टेक्नेशियम लावलेलं औषध देतात. त्याचा किरणोत्सार सहा तासांत निम्मा होतो, त्यामुळे भिण्यासारखं काही नसतं. हे औषध मुळात हृदयाच्या स्कॅनसाठी आलेलं. पेशींतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांत ते साठतं, आणि गाठीच्या पेशींत असे भाग ठासून भरलेले असतात. पहिलं चित्र पंधरा मिनिटांनी, दुसरं दोन तासांनी. पहिल्यात थायरॉइड आणि गाठ दोन्ही उजळतात. नंतर थायरॉइडमधलं औषध धुऊन निघतं आणि गाठ तेवढी उजळलेली राहते. दोन तास कॅंटीनमध्ये पोहे खाऊन काढले. दुसऱ्या चित्रात डावीकडे खाली एक ठिपका, सोनोग्राफीच्याच जागी.

त्या काळात मी मोबाइलवर या ग्रंथींचा इतिहास वाचत होते आणि तो इतका अजब निघाला की रात्री ह्यांना उठवून सांगत होते. या ग्रंथी पहिल्यांदा नोंदवल्या गेल्या त्या माणसात नव्हेच, तर आपल्याकडच्या एकशिंगी गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला भारतीय गेंडा १८४९ मध्ये मेला, रिचर्ड ओवेन यांनी त्याचं विच्छेदन केलं आणि थायरॉइडला चिकटलेला एक पिवळसर गोळा टिपून ठेवला. माणसातल्या ग्रंथी १८८० मध्ये स्वीडनच्या इव्हार सांडस्ट्रोम या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने दाखवल्या, तेव्हा त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. हाडं विरघळत चाललेल्या रुग्णांत ही ग्रंथी मोठी सापडते हे दिसलं, तेव्हाही वैद्यांना वाटलं की हाडांचा आजार आधी आणि ग्रंथी बिचारी त्याला तोंड द्यायला वाढते. त्यामुळे व्हिएन्नातल्या फेलिक्स मांडल यांनी एका ट्राम कंडक्टरला आधी आणखी पॅराथायरॉइडच दिली! तो सुधारेना, तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी गळा उघडून गाठ काढली आणि त्या माणसाची हाडं भरू लागली. दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या चार्ल्स मार्टेल या जहाजाच्या कप्तानाची. हाडं खचून त्याची उंची कित्येक इंच घटली होती. सहा ऑपरेशनं झाली तरी गाठ सापडेना. ती गळ्यात नव्हतीच. १९३२ मध्ये सातव्या वेळी ती छातीत, हृदयाच्या वरच्या बाजूला सापडली. गर्भात या ग्रंथी वरून खाली सरकत येतात, एखादी जास्तच खाली जाते. बिचारा कप्तान त्यानंतर थोड्याच आठवड्यांत मुतखड्याच्या त्रासाने गेला.

हे वाचून ह्यांनी एकच ठरवलं: असली ऑपरेशनं रोज करणारा सर्जन शोधायचा, घराजवळचा बघायचा नाही. पुण्यात तसे सर्जन भेटले. त्यांनी सांगितलेलं मला पटलं, कारण त्यात आकडा होता. पीटीएच रक्तात तीन ते पाच मिनिटांत निम्मा होतो. म्हणून गाठ काढण्याआधी आणि काढल्यावर दहा मिनिटांनी टेबलावरच रक्त घेऊन तपासायचं. निम्म्याहून जास्त उतरला तर दोषी ग्रंथी तीच होती असं धरायचं. नाही उतरला तर उरलेल्या तीनही बघायच्या. रिपोर्ट येईपर्यंत रुग्ण भुलीतच.

खांद्यांखाली उशी देऊन मान मागे ताणतात, मग भूल. मला त्यातलं तेवढंच आठवतं. नंतर सर्जननी कागदावर लिहून दिलं: चिरेआधी ९६, दहा मिनिटांनी २२. गाठीचं वजन ७०० मिलिग्रॅम. निरोगी ग्रंथी चाळीस-पन्नास मिलिग्रॅमची असते. गळ्यावर तीन-साडेतीन सेंटिमीटरची चीर, मंगळसूत्राखाली लपते. शुद्धीवर आल्या आल्या मला 'ई' म्हणायला लावलं, कारण आवाजाची नस तिथूनच जाते. आवाज घोगरा होता, पण होता.

खरी गंमत दुसऱ्या रात्री. आधी ओठांभोवती, मग बोटांच्या टोकांना मुंग्या. इतकी वर्षं एक ग्रंथी ओरडत असल्यामुळे बाकीच्या तिन्ही झोपी गेलेल्या असतात. त्यांना जागं व्हायला वेळ लागतो. आणि उपाशी हाडं रक्तातलं कॅल्शियम हावरटासारखी ओढून घेतात. ड्यूटीवरच्या डॉक्टरने कानापुढे गालावर बोटाने टिचकी मारली, ओठाचा कोपरा थरकला. कॅल्शियम ७.९. ज्या कॅल्शियमला इतके महिने शिव्या दिल्या, त्याच्याच गोळ्या दिवसातून तीनदा आणि सोबत कॅल्सिट्रिऑल, म्हणजे ड जीवनसत्त्वाचं ते कामाचं रूप. गोळी चघळल्यावर अर्ध्या-पाऊण तासात मुंग्या ओसरायच्या. आठवडाभर गोळ्या उशाशी. पुढे रक्ताचे आकडे बघत त्या हळूहळू कमी केल्या.

गाठीचा रिपोर्ट साधा ॲडिनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ. माझ्या वयात एकच गाठ असेल तर जनुकीय तपासणी लागत नाही, असं मॅडम म्हणाल्या; रुग्ण तरुण असला किंवा एकाहून जास्त ग्रंथी बिघडल्या असल्या तर मात्र घरच्यांचंही बघतात.

तहान पहिल्याच आठवड्यात गेली, हे मला सगळ्यात आधी जाणवलं. बद्धकोष्ठ गेला. मांड्यांत जोर यायला काही महिने लागले. डोकं मात्र पूर्वीसारखं झालं का, याचं उत्तर मी ठामपणे देऊ शकत नाही. मार्चअखेरीला हिशेब जुळवताना बरं वाटलं इतकंच. चिडचिड होते, तिचा काही भाग ग्रंथीचा नसून पतसंस्थेच्या संचालकांचा होता असं आता दिसतं. सहा महिन्यांनी कॅल्शियम ९.४ आलं, तेव्हा मॅडमनी फायलीवर 'बरी' लिहिलं. त्याआधी लिहीत नाहीत. वर्षाने डेक्सा केला, हाताचं हाड उणे २.९ वरून २.६ वर आलं आहे, कणा त्याहून चांगला.

किडनीतले जुने खडे आपोआप विरघळत नाहीत. डावीकडचा मोठा दुर्बिणीने काढला. उजवीकडचा ४ मिलिमीटरचा तसाच बसून आहे, वाढत नाही म्हणून त्याच्या वाटेला जायचं नाही असं ठरलंय. दर वर्षी एकदा कॅल्शियम करायचं. गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीच्या खड्याचे कागद मागवले. सोनोग्राफ्या चार, कॅल्शियम एकदाही केलेलं नाही. तिला सांगितलंय, पीटीएच आणि कॅल्शियम एकाच दिवशी, एकाच सुईने काढून घे, आणि रिपोर्ट आधी मला पाठव.